पहिलं औषध

वासरू जन्मलं आणि बहिरूची तांबडी गाय गेली. त्याने वासराच्या जिभेला तूप चाटवलं, तरी ते मान टाकतच होतं.

"चीक पाजाय पायजे," बायको म्हणाली. "आज्या-पणज्यापास्नं वासराचं पयलं औषध त्येच."

खालच्या वाडीत कृष्णामावशीची गाय पहाटेच व्यायली होती. बहिरू चरवी घेऊन धावतच डोंगर उतरला.

"मावशी, वाटीभर तरी चीक दे गं. वासरू चाललंय माझं."

मावशीने कपाळाला हात लावला. "आरं लेकरा, आमच्या वासराचं पोट भरलं, उरल्याला समदा सूसच्या सोसायटीतल्या फ्लॅटवाल्यांसाठी शिजवला. आता सांजच्या धारंला."

"तवर कुटं दम धरतंय ते!"

 

रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून मावशीने त्याच्या चरवीत खरवसाच्या चार वड्या घातल्या.