कावळ्यावरचा उतारा

गोटीराम रिक्षातून उतरला, तेव्हा त्याची मेलेली मुलगी अंगणात बदामाची पानं झाडत होती.

तो फाटकाशीच थांबला. पायात चप्पल नव्हती. एका हाताने त्याने छातीवरचा सदरा मुठीत धरला होता. दुसऱ्या हातात पिशवी होती आणि पिशवीत हिरवी साडी. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. उलव्याहून येताना एका दुकानापाशी रिक्षा थांबवून त्याने ती घेतली होती.

"बाबा?" संध्याने खराटा टाकला. "असे कसे आलात? काय झालं?"

गोटीरामने आधी तिच्या हाताला हात लावून पाहिला.

"हरेशचा फोन आलता," तो कसाबसा म्हणाला. "बोलला, संध्या गेली. मंग तुमा दोगांचा फोन लागं ना."

तेवढ्यात तिची सासू पुतळाबाई ओट्यावरून उतरली, तीही हसत. "आलात व्याही? रडलात ना? मंग झाला तर. सुटली पोर!"

कशातून सुटली, तर ऐका. गावदेवीची जत्रा तोंडावर आलेली, पाहुणे येणार, म्हणून कोपरखैरणे गावातल्या या घरी सकाळपासून अंगण साफ करणं चाललं होतं. बदामावर कावळ्याचं घरटं होतं, काटक्या कमी आणि बांधकामावरच्या तारा जास्त. संध्या खाली झाडत असताना कावळ्याने झेप घेऊन तिच्या डोक्यात चोच मारली. रक्त आलं. हळद दाबून विषय संपला असता. पण पुतळाबाईने कपाळावर हात मारून घेतला. कावळा डोक्याला लागला म्हणजे मरण आलं, आणि त्यावर उतारा एकच, जुन्या माणसांपासून चालत आलेला. ती मेल्याची खोटी बातमी तिच्या रक्ताच्या माणसाला कळवायची. तो रडला की मरण टळतं. तो रडेपर्यंत खरं सांगायचं नाही. हरेशने, चांगल्या डिप्लोमा झालेल्या माणसाने, आईचं ऐकून सासऱ्याला फोन लावला आणि मग आपला आणि बायकोचा, दोन्ही फोन बंद करून ठेवले. तेही दिवाळीत बायपास झालेल्या सासऱ्याला!

संध्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हरेश!"

हरेश पाण्याचा पाइप घेऊन परसातून आला. सासऱ्याला बघून जरा वरमला. "अगं, तुझ्यासाठीच केलं ना. टेन्शन कशाला घेतेस? आले ना बाबा व्यवस्थित."

"व्यवस्थित? छाती कापलेला माणूस हाय तो! रिक्षातच काय झाला असता म्हंजे? माझं खोटं मरण टळलं असतं, आणि त्यांचं खरं आलं असतं. चाललं असतं तुमाला?"

"असा वंगाळ बोलू नको गो," पुतळाबाई म्हणाली. "जुनी मानसं काय येडी होती? तुज्या जिवाचा भ्याव वाटला, म्हनून केला."

ती खोटं बोलत नव्हती. सकाळी ती खरंच घाबरली होती. पण तिच्या भीतीची किंमत दुसऱ्याच्या बापाने मोजायची होती आणि त्यात आपलं काही चुकलंय हे तिच्या गावीही नव्हतं. संध्याने बापाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"जा, बापासाला चाय ठेव," पुतळाबाई समजुतीने म्हणाली. "मी झाडतंय ऱ्हायलेला."

तिने खराटा उचलला आणि बदामाखाली वाकली. कावळा खालच्या फांदीवर येऊन बसलाच होता. दोनदा ओरडला आणि सरळ तिच्या अंबाड्यावर आदळला. पुतळाबाई किंचाळून बाजूला झाली. डोक्याला लावलेली बोटं तिने डोळ्यांसमोर धरली, तर लाल.

हरेशच्या हातातल्या पाइपचं पाणी त्याच्याच पायावर पडत राहिलं. आई आणि बायको, दोघींच्याही नजरेला नजर देणं त्याला जमेना.

ओट्यावर पुतळाबाईचा मोबाइल पडला होता. संध्याने तो उचलला.

"कोनाला लावतेस?" पुतळाबाईने विचारलं.

"मोनालीला. तुमच्या रक्ताची तीच ना? सांगते, आई गेल्या म्हनून. रडली की झालं."

मोनाली ही पुतळाबाईची एकुलती एक लेक, पावणे गावात दिलेली. दिवस भरत आले होते तिचे. पुतळाबाईने खराटा फेकला आणि डोक्यातलं रक्त विसरून धावली.

"नको गो! धसका घेल ती! पोटात पोर हाय तिच्या!"

"आणि तुमचं मरण?"

"कसला मरान!" पुतळाबाई जिवाच्या आकांताने ओरडली. "पिल्ला हायत वर कावल्याची! पिल्लांसाठी टोचतंय तो!"

ओट्यावर गोटीरामने मान वर केली. हरेशने खाली घातली. फोन तोवर लागला होता.

"हॅलो, आये?" पलीकडून मोनालीचा आवाज आला. "आये, बोल ना. काय झाला?"

संध्याने फोन सासूच्या रक्ताळलेल्या हातात दिला.

"तुमी जित्या हाव, एवढं तरी सांगा तिला," ती म्हणाली. "माझ्या बापाला तेवढं पन कोनी सांगितलं नाय."