पोलिसी खुणेवरचं कुंकू

हवालदार खैरनार ड्युटीवरून आले आणि म्हणाले, “वत्सले, काल ठाण्यात शस्त्रपूजेला माझ्या रायफलीला कुंकू कुठं लावलंस?”

“पोलिसी खुणेवर. तीच मानाची जागा ना?”

नव्या कायद्यानं रायफलीच्या मुठीवर बसवलेल्या त्या खुणेला पोलिसाचा तळवा ओळखू आला, तरच रायफल उडायची. चोरून विकलेली रायफल आता नुसती काठी होती.

“कुंकवाखाली तिनं मलाच ओळखलं नाही. उसातून एक जण बंदूक खांद्यावर घेऊन आला. मी चाप ओढला, तर रायफल उडालीच नाही.”

वत्सलाबाई हादरल्या. “अहो, माझ्यामुळं तुमचा जीव...”

“ऐक तरी. खांद्यावर पाण्याचा पाइप होता. मला रामराम घालून गेला बिचारा.”

देवापुढं वात लावत वत्सलाबाईंनी हळूच विचारलं, “नाव काय त्याचं?”

“विचारायला आवाज कुठं फुटत होता?”