टीव्हीचा आवाज

सून नातीला घेऊन परदेशी नोकरीला निघाली, तर लेकाने कोर्टात हरकत घेतली, साक्षीला मला आणलं. “आमच्या घरात कधी कुणी हात उगारला नाही,” एवढं वाक्य मी आठवडाभर पोपटासारखं घोकलं होतं. पुकारा होईपर्यंत नातीसोबत समुपदेशक बाईंच्या खोलीत बसले. टीव्हीवर कार्टून चालू होतं, नात चित्र रंगवत होती. इतक्यात बाहेर लेकाचा आवाज चढला. नातीने खडू ठेवला, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज पार वाढवला. “अगं, एवढा कशाला?” बाईंनी विचारलं. “बाबा आईला मारायला लागला की आजी असंच करते. शेजाऱ्यांना ऐकू जात नाही,” ती म्हणाली आणि पुन्हा रंगवायला बसली. बाईंनी खडूंचा डबा तिच्याजवळ सरकवला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं होतं. माझा पुकारा झाला. मी आधी टीव्ही बंद केला.