पुलावरची ओ

"ओऽऽ एऽऽ!"

बेपी नावाड्याची हाक अशी, की पाण्यानंही क्षणभर थबकावं. व्हेनिसच्या त्या कोपऱ्यावर कालवा एकदम वळतो. भिंतीपलीकडून काय येतंय ते दिसत नाही. म्हणून आधी हाक द्यायची. पलीकडे कुणी असेल, तर त्यानं तशीच ओ द्यायची; मग आपण थांबून त्याला आधी येऊ द्यायचं. ओ आली नाही, तर पलीकडे कुणी नाही असं समजायचं आणि नाव पुढे काढायची.

ती हाक आल्वीझेला आज झोपेत ऐकू आली. तो उठला, कोट चढवला आणि उजाडायच्या आत हॉटेलातून बाहेर पडला. काल तिथल्या पोरीनं त्याच्या हातात नकाशा दिला होता. स्टेशन कुठं, बाजार कुठं, बोट ठेवून दाखवलं होतं. "पहिल्यांदाच आलात?" तिनं विचारलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली होती.

धुकं दाटलं होतं. गल्लीगल्लीतून त्याचीच पावलं त्याच्यामागून चालत होती. पावाच्या भट्टीच्या जागी आता मुखवट्यांचं दुकान. वरच्या खिडक्या बंद. आत कुणी राहत असेल असं वाटेना. दोनदा तो वाट चुकला, पण नकाशा काही खिशातून काढला नाही.

मग तो पूल आला.

एकेचाळीस वर्षांपूर्वी, अशाच पहाटे, तो इथंच बॅग घेऊन उभा होता. "तुमची कुजकी नाव तुम्हालाच लखलाभ," असं आदल्या दिवशी बापाला सुनावलेलं. भिंतीपलीकडून बापाची हाक आली. पोरगा पहाटे स्टेशनाकडे निघणार आणि याच पुलावरून जाणार, हे बेपीला ठाऊक होतं. त्यानं एकदा हाक दिली. दोनदा दिली. तिसऱ्यांदा आवाज जरा चिरकला. आल्वीझे ओठ मिटून उभा राहिला.

मग नाव पुलाखालून गेली. बापानं वर पाहिलं नाही. कुणी नव्हतंच ना तिथं.

बेपीला जाऊनही आता एकोणीस वर्षं झाली.

"ओऽऽ एऽऽ!"

आल्वीझे दचकला. हाक बाईची होती, मागे इंजिनाची घरघर. एवढ्या पहाटे भोंगा वाजवला तर वरून शिव्या पडतात, म्हणून सामानाच्या बोटी अजून तोंडानंच हाक देतात.

"ओऽऽ एऽऽ!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे इंजिन गप्प झालं. पाणी भिंतीवर चुबुकचुबुक करत राहिलं.

"या की पुढं! का हाताला धरून आणू?"

कुणीच पुढं येईना. शेवटी चादरींच्या गाठोड्यांनी भरलेली बोट हळूच वळणाबाहेर आली. रबरी बूट घातलेल्या बाईनं पाण्याकडे पाहिलं, मग वर.

"अहो आजोबा! नाव कुठाय तुमची?"

"नाही."

"मग ओ कशाला दिलीत? बसले ना मी खोळंबून! तिकडे हॉटेलवाले चादरींसाठी बोंबलतायत." ती इंजिनाला हात घालणार, तेवढ्यात थांबली. "पण ही ओ काही पाहुण्यांची नव्हे. इथलेच दिसता. कुणाचे हो तुम्ही?"

"बेपीचा," तो म्हणाला. "बेपी नावाड्याचा मुलगा."

मग तो तिच्याकडे न बघता त्या भिंतीकडे वळला.

"होतो," तो म्हणाला. "मी इथंच होतो."