सुग्रीवच्या बहात्तर शेळ्या

"त्र्याहत्तर," कॉम्प्युटर बोलला.

"बहात्तर," सुग्रीव बोलला.

तिसऱ्यांदा हेच झालं. पालीच्या शिवारात, शेळ्यांच्या वाडग्यापुढं, परीक्षक विजयमाला मॅडम छत्री धरून उभ्या होत्या. सुग्रीवची लेक मोहिनी हिला घाम फुटला होता. डेटा सायन्सच्या एम.एस्सी.चा तिचा शेवटचा प्रकल्प म्हणजे हा बाभळीच्या खांबाला बांधलेला कॅमेरा. फाटकातून निघणारी एकेक शेळी ओळखून तो मोजत होता. आकडा जुळला तर पास. नाही जुळला तर आणखी सहा महिने, आणि पुण्यातली ठरलेली नोकरी गेली बोंबलत.

बरं, पोरीनं काय कमी जीव काढला होता? महिनाभर आकडा एकानं जास्तच येत होता. आधी तिला वाटलं, टिप्या कुत्रा शेळ्यांत मोजला जातोय. म्हणून तिनं मॉडेलला टिप्याचे चारशे फोटो दाखवून शिकवलं, ही शेळी नाही. तरी त्र्याहत्तर. मग घोंगडी पांघरून मागून चालणाऱ्या बापाचा संशय आला. बापाचे तीनशे फोटो दाखवले, हीसुद्धा शेळी नाही. सुग्रीवनं पुढून, मागून, वाकून, सगळे फोटो मोठ्या हौसेनं काढून घेतले. तरी त्र्याहत्तर. शेवटी तिनं व्हिडिओ थांबवून थांबवून स्वतः मोजलं. तिचेही त्र्याहत्तरच भरले. तेव्हा ती बीडला जाऊन डोळे तपासून आली, चष्मा लागला. पण बापाच्या आकड्यावर संशय म्हणून आला नाही.

"राहू दे," मॅडम आपल्या छापील मराठीत म्हणाल्या. "मी स्वतः मोजते."

सुग्रीवचं तोंड उतरलं. शेळ्या चौथ्यांदा आत गेल्या, चौथ्यांदा बाहेर निघाल्या. आज चाललंय काय, हे त्यांनाही कळेना.

"अडतीस, एकोणचाळीस..."

"म्याडम, चहा साखरंचा का गुळाचा?"

"साखरेचा. चाळीस... की एक्केचाळीस?"

पुन्हा पहिल्यापासून. मॅडम साठाच्या पुढं गेल्या तशी सुग्रीवच्या बायकोला, रतनबाईला, एकाएकी जोराचा ठसका लागला. पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळी तर सुग्रीवनं टिप्यालाच सोडून दिलं. टिप्या शेळ्यांत घुसला आणि शेळ्या मॅडमच्या छत्रीत घुसल्या. दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. मॅडम नुसत्या गालात हसल्या.

मोहिनीनं बापाला ओढत लिंबाखाली नेलं. "दादा, कावून घात करायलेत माझा? खरं सांगा, शेळ्या किती हायती?"

"बहात्तर."

"दादा!" तिचे डोळे भरून आले.

सुग्रीवला ते बघवेना. त्यानं शेळ्यांकडं पाठ केली आणि आवाज बारीक केला. "बाई, आपल्यात खरा आकडा तोंडानं सांगत न्हाईत. नजर लागती. माजा आजा एक कमी सांगायचा, बाप एक कमी सांगायचा. म्या बी तेच सांगतो."

"म्हंजे त्र्याहत्तर!"

"म्या कुटं म्हणलो?"

मोहिनी मटकन खालीच बसली. हसावं का बोंब ठोकावी, तिला कळेना. मशीन महिनाभर खरं बोलत होतं आणि ती त्याला बापाचे फोटो दाखवत बसली होती.

"मॅडमला एवढं सांगा, दादा. एकदाच."

सुग्रीवनं वळून शेळ्यांकडं बघितलं. तीन वर्षांमागं एका पाहुण्यानं बोट दाखवून मोठ्यानं शेळ्या मोजल्या होत्या, अन् आठ दिवसांत दोन करडं गेली होती. ते दुखणं तो विसरला नव्हता. पण इकडं लेक चष्मा काढून डोळे पुसत होती. त्यानं डोक्याचा पटका सारखा केला आणि मॅडमपुढं जाऊन उभा राहिला.

"म्याडम, शेळ्या माज्या बहात्तरच. पर एक ह्या कॉम्प्युटरची हाय. महिनाभर राबलंय बिचारं, त्याला बी कायतरी द्यावं का न्हाई? आता तुमीच बेरीज करा. मनात."

रतनबाईनं लगोलग लॅपटॉपच्या कोपऱ्याला काजळाची तीट लावली.

मॅडमनी मनात बेरीज केली. कागदावर आकडा लिहिलाच नाही. 'जुळले' एवढंच लिहून खाली सही ठोकली.

सुग्रीवचा जीव भांड्यात पडला, तशी जीभही सुटली. "मग म्याडम, मार्क किती द्यायलेत पोरीला?"

मोहिनीनं कपाळाला हात लावला. परीक्षकाला असं कुणी विचारतं का!

"अठ्ठ्याऐंशी," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि रिक्षात बसून बीडला निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. मोहिनीनं चष्मा पुसून तीनदा बघितलं. एकोणनव्वद. पुन्हा एक जास्त! आता हा एक कुठून आला, म्हणून तिनं घाबरत घाबरत मॅडमला फोन लावला.

"मॅडम, काहीतरी चूक झालीय. तुम्ही तर अठ्ठ्याऐंशी म्हणाला होता."

पलीकडं मॅडम हसल्या. त्यांचं छापील मराठी गेलं कुठल्या कुठं.

"बाई, माजं माहेर चकलांब्याचं हाय. आमच्याकडं लई मेंढरं हायती. किती, ते इचारू नको."