गोळीही आणि भूमिकाही

नाटकातला सगळ्यात विनोदी प्रवेश चालू असताना वैजयंतीला एकाएकी हुंदका फुटला. तालीम थांबली. आदल्याच दिवशी तिने चहा सांडल्यावरून तबलजीला फाडून खाल्लं होतं. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यापासून तिचं मन असं क्षणात भडकायचं, क्षणात भरून यायचं.

दिग्दर्शक अप्पांनी तिला बाजूला घेतलं. “बाई, स्पर्धा तोंडावर आलीय. तुमची भूमिका दुसरीला देतो. नाहीतर ती गोळी तरी बंद करा. पूर्वी किती शांत होतात तुम्ही!”

वैजयंतीने ओढणीने डोळे पुसले.

“शांत नव्हते अप्पा, आजारी होते. जिना चढले तरी धाप लागायची, पाठ असलेली वाक्यं ओठांवर यायची नाहीत. तुम्हाला ती शांतता वाटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोस नीट बसेपर्यंत मन असं वरखाली होईल. होऊ दे. गोळीही सुटणार नाही आणि भूमिकाही.”

तिने सगळ्यांदेखत तबलजीची माफी मागितली आणि ती पुन्हा मधोमध जाऊन उभी राहिली. “पहिल्यापासून घ्या. रडू आलं तर येईल, मी थांबणार नाही.”

तिसऱ्याच वाक्याला तिला रडू आलं. गालांवरून पाणी ओघळत असतानाच तिने ते वाक्य खणखणीत फेकलं. हशा पिकला. अप्पांनाही हसू आवरेना. वैजयंतीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हशा ओसरेपर्यंत ती ऐटीत उभी राहिली आणि मग तिने पुढचं वाक्य घेतलं.