कालवा सुटला की बोअर बंद

कुलूपभाऊंनी खुर्ची पुढे सरकवली, पण मावशी बसल्या नाहीत. रिकामी बादली धरून अंगणातच उभ्या राहिल्या.

पाणी समितीच्या अध्यक्षांना अख्खी वस्ती कुलूपभाऊ म्हणायची, ते काही उगीच नाही. कालव्याला पाणी सुटलं की हा गृहस्थ घरोघर फिरून बोअरच्या मोटारींच्या पेट्यांना कुलपं ठोकायचा. कालवा वाहतोय तोवर सगळ्यांनी तेच पाणी वापरायचं, गढूळ तर गढूळ. जमिनीतलं पाणी तेवढ्यात वर येऊ द्यायचं, म्हणजे कालवा आटल्यावर ते पुरतं. लोकांनी बोटं मोडली, पण ऐकलं. किल्ल्यांचा जुडगा कायम भाऊंच्या कमरेला. मावशींचं घर तेवढं चढावर, तिथवर कालव्याचा नळ पोचत नाही. त्यांना विहीर हाच आधार.

"भाऊ, विहीर तळाला गेली हो," मावशी म्हणाल्या. "कालवा सुटला की पाणी वर येईल म्हणालात. गेल्या खेपेला आलंही. आता उतरतच चाललंय, आज पोहरा नुसता खडखडला. सुनेचे दिवस भरलेत, आणि घरात घोटभर पाणी नाही."

भाऊ तापलेच. "कोणीतरी चोरून मोटार चालवतंय! सापडू दे नुसता, जोडणीच तोडतो त्याची. कुलपं काय शोभेला लावलीत?" आवाज इतका चढला की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही आहात म्हणून तर आले," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात गच्चीवरून पाण्याची धार कोसळली. टाकी भरून वाहत होती. फरशीवर पाणी पसरलं, स्वच्छ, गारेगार. कालव्याचं पाणी चहाच्या रंगाचं येतंय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अहो, मोटार बंद करा ना!" आतून बायको ओरडली. "रोजचंच झालंय तुमचं!"

गढूळ पाण्यानं अंग खाजतं, अंघोळीपुरतीच तर लावतो, हे सगळं भाऊंच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. कान तापले. शेजारीण बघत होती, बघू दे. पण मावशींकडे बघायचं कुठल्या तोंडानं? जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं त्यांना.

ते मोटारीच्या पेटीकडे वळले. मोटार लावून पेटीला पुन्हा कुलूप घातलं होतं, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. जुडग्यातली किल्ली शोधावी लागली नाही. वापरून वापरून तेवढीच चकचकीत झाली होती.

"थांबा, भाऊ."

त्यांनी मागे पाहिलं. मावशींनी धारेखाली बादली ठेवली होती.

"एवढी भरू द्या," त्या म्हणाल्या. "मग करा बंद."